समुद्राची उंची मोजायला इतके देश कशाला लागतात?

खाडीपलीकडे — २ डिसेंबर २०२५, २१:१४

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात 'सेंटिनेल-६बी' हा उपग्रह कॅलिफोर्नियातून अवकाशात गेल्याची बातमी वाचली. उपग्रह युरोपचा, रॉकेट अमेरिकेचे, काही उपकरणे इकडची तर काही तिकडची, आणि एवढे करून मुख्य काम एकच, समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजण्याचे. त्याआधी ३० जुलैला श्रीहरिकोट्याहून 'निसार' गेला. त्यातही एक रडार आपले आणि एक अमेरिकेचे.

माझे सासरे अलिबाग तालुक्यातील एका खाडीकाठच्या गावात भातशेती करतात. खारबंदिस्तीचा बांध फुटला की उधाणाचे पाणी खाचरात शिरते आणि पुढे काही वर्षे तिथे भात धड येत नाही, हे कोकणातील सदस्यांना सांगायला नको. त्यांचे म्हणणे असे, की पूर्वी ज्या उधाणाला पाणी बांधाच्या कमरेला लागत असे, त्याच उधाणाला आता ते छातीशी येते. मी त्यांना ही बातमी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "तेराशे किलोमीटरवरून यांना माझा बांध दिसतो काय?" मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. समुद्र दर वर्षी काही मिलिमीटरने वाढतो हे इतक्या उंचीवरून कसे कळते? आणि व्यापारापासून व्हिसापर्यंत कशावरही एकमत न होणारे देश या एका कामासाठी एकत्र कसे येतात? खर्च वाटून घेणे एवढेच कारण असेल, तर मंगळापर्यंत पोहोचलेल्या आपल्या देशाने स्वतःचा उपग्रह स्वतः पाठवावा आणि स्वतःचा समुद्र स्वतः मोजावा, असे माझे प्रांजळ मत आहे.

अल्पमती — २ डिसेंबर, २१:३२

आमच्या सोसायटीत पाण्याच्या मीटरचे वाचन 'अ' आणि 'ब' या दोन्ही विंगच्या प्रतिनिधींनी एकत्र उभे राहून घ्यावे असा ठराव आहे, कारण एकट्याने वाचलेला आकडा दुसऱ्या विंगला कधीही मान्य होत नाही. समुद्राचेही तसेच असावे. (हलके घ्या.)

त्रिज्या — २ डिसेंबर, २२:४०

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. मी भौतिकशास्त्र शिकवते. उपग्रह बनवत नाही.

उपग्रहावरील रडार अल्टिमीटर खाली सरळ समुद्रावर स्पंद सोडतो आणि तो परत येण्यास किती वेळ लागला हे मोजतो. त्यावरून उपग्रह आणि पाणी यांच्यातील अंतर निघते, परंतु ही निम्मीच गोष्ट झाली. उपग्रह स्वतः पृथ्वीच्या केंद्रापासून नेमका किती उंचीवर होता हे ठाऊक नसेल, तर त्या अंतराचा काहीच उपयोग नाही. ही उंची सेंटिमीटरच्या आसपास अचूक काढण्यासाठी तीन निरनिराळ्या पद्धती वापरतात. पहिली जीपीएसची, दुसरी जमिनीवरून लेसर किरण मारून तो उपग्रहावरील आरशांवरून परत घेण्याची, आणि तिसरी 'डोरिस' या फ्रेंच व्यवस्थेची, जिची जमिनीवरील प्रक्षेपक केंद्रे जगभरातील अनेक देशांत आणि बेटांवर पसरलेली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथूनच सुरू होते, कारण कितीही श्रीमंत देश असला तरी त्याची जमीन काही पृथ्वीभर पसरलेली नसते.

त्यानंतर दुरुस्त्या येतात. हवेतील बाष्पामुळे स्पंद रेंगाळतो आणि अंतर कित्येक सेंटिमीटरांनी जास्त भासते, म्हणून बाष्प मोजणारे वेगळे उपकरण शेजारी बसवावे लागते. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची दुरुस्ती करण्यासाठी दोन वेगवेगळ्या वारंवारतांचे स्पंद लागतात. लाटांचा आकार, हवेचा दाब आणि भरती-ओहोटी यांचा हिशेब निराळाच. इतके करूनही एका मोजणीत काही सेंटिमीटरांची चूक राहते. मिलिमीटरचा आकडा एका मोजणीतून येत नाही; सुमारे दहा दिवसांच्या एका फेऱ्यात समुद्रभर घेतलेल्या लाखो मोजण्यांच्या सरासरीतून तो येतो.

मात्र सरासरी चूक पुसते ती तेव्हाच, जेव्हा ती कधी इकडे तर कधी तिकडे झुकणारी असते. गजच तोकडा असेल तर शेत लाख वेळा मोजले तरी लाखही वेळा तेवढेच चुकीचे भरेल.

थोडा इतिहासही सांगते. अमेरिकेची नासा 'टोपेक्स' नावाच्या, आणि फ्रान्सची सीएनईएस 'पोसायडन' नावाच्या प्रकल्पाची तयारी स्वतंत्रपणे करत होती. शेवटी दोन्ही एकत्र करून 'टोपेक्स/पोसायडन' हा उपग्रह १० ऑगस्ट १९९२ रोजी फ्रेंच गयानातून एरियान रॉकेटने सोडला गेला. त्यावर दोन देशांचे दोन अल्टिमीटर होते आणि अँटेना मात्र एकच, त्यामुळे ते पाळीपाळीने काम करत आणि फ्रेंच उपकरणाच्या वाट्याला सुमारे एक दशांश वेळ येई. एकत्र कुटुंबातील स्नानगृहाची आठवण होते. पुढे जेसन-१ (२००१), जेसन-२ (२००८), जेसन-३ (२०१६), सेंटिनेल-६ मायकेल फ्रीलिक (२०२०) आणि आता ६बी, असे सगळे त्याच १,३३६ किलोमीटर उंचीच्या कक्षेत, त्याच मार्गावर एकामागून एक आले. या अखंड नोंदीनुसार १९९३ पासून जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे १० सेंटिमीटर वाढली आहे, आणि वाढीचा वेग सुरुवातीला वर्षाला सुमारे २ मिलिमीटर होता तो आता ४ च्या पुढे गेला आहे.

कोरडवाहू — ३ डिसेंबर, ०८:०५

त्रिज्याताईंनी माहिती उत्तम दिली आहे, परंतु 'सहकार्य' या शब्दाभोवती जी आरती ओवाळली जाते तिच्याविषयी मला शंका आहे.

लँडसॅटचे उदाहरण घ्या. पृथ्वीचे निरीक्षण करणारी ही अमेरिकी मालिका १९७२ पासून चालू आहे. १९८० च्या दशकात ती खासगी कंपनीच्या हाती दिली गेली आणि एका दृश्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. आपल्या विद्यापीठांतील किती संशोधकांना ते परवडले असेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. २००८ मध्ये सगळा साठा मोफत झाला तेव्हा कुठे तो जगभर खऱ्या अर्थाने वापरला जाऊ लागला. म्हणजे आकाशातून सर्वांकडे सारखेच पाहिले जात होते, पण पाहिलेले कोणाला दाखवायचे हे एकच देश ठरवत होता.

दुसरे असे, की समुद्राची पातळी मोजायला उपग्रहच कशाला हवा? मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासूनच्या नोंदी आहेत. आपल्या बंदराचा आकडा आपल्याजवळ असताना फ्रान्स-अमेरिकेच्या सरासरीची आपल्याला गरज काय?

निवृत्त_मोजणीदार — ३ डिसेंबर, ११:२०

कोरडवाहू यांनी अपोलो बंदराचे नाव काढले म्हणून लिहितो. सर्वेक्षणाच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आणि भरती-ओहोटी मापकाच्या विहिरीत डोकावण्याचे कामही मी काही काळ केले आहे.

हे उपकरण मुळात अगदी साधे असते. धक्क्यालगत एक उभी विहीर किंवा नळ असतो, त्याला तळाशी लहान छिद्र असते, त्यामुळे लाटांचा धक्का आत पोहोचत नाही आणि पाणी मात्र भरतीबरोबर चढते-उतरते. आत तरंगणारा फ्लोट आणि त्याला जोडलेली लेखणी, ही जुनी पद्धत. आता रडारवर चालणारे मापक आले आहेत. मुंबईची नोंद हिंदी महासागरातील सर्वांत जुन्या दीर्घ नोंदींपैकी एक आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तरीही तिच्या दोन मर्यादा मान्य कराव्याच लागतात.

पहिली मर्यादा अशी, की हे उपकरण समुद्र मोजत नाही, तर धक्क्याच्या तुलनेत समुद्र मोजते. धक्का खचत असेल तर समुद्र चढल्यासारखा दिसेल, आणि जमीन वर उचलली जात असेल तर समुद्र उतरल्यासारखा. स्वीडनमध्ये हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यामुळे जमीन अजूनही वर येत आहे, म्हणून तेथील काही बंदरांत समुद्र शतकभर 'खाली' चालला आहे. दुसरी मर्यादा अशी, की अशी उपकरणे किनाऱ्यावर आणि बेटांवरच बसतात. भर महासागरात खांब कोठे रोवणार?

पण आता उलट बाजूही सांगतो, जी मला अधिक रंजक वाटते. टोपेक्सचा मुख्य अल्टिमीटर हळूहळू बिघडत गेला आणि १९९९ च्या आरंभी त्याच्या राखीव जोडीदाराकडे काम सोपवावे लागले. त्या पहिल्या सहा वर्षांच्या आकड्यांत थोडी चूक शिरली होती, ती कशी सापडली? जगभरच्या बंदरांतील या साध्या मापकांशी उपग्रहाची तुलना करून. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की सुरुवातीच्या वर्षांतील वाढ उपग्रहाने जास्त दाखवली होती. ती दुरुस्ती केल्यावर जुना वेग कमी झाला, आणि त्यामुळेच पुढचा वेग वाढत असल्याचे स्पष्ट दिसू लागले. त्याआधी 'वेग तर वाढलेलाच नाही' असे म्हणणाऱ्यांना त्या चुकीचा आधार मिळत होता.

अमेरिकी उपकरणाची चूक कोठल्या कोठल्या देशांच्या धक्क्यांवर, पगारवाढीची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांनी राखलेल्या नोंदींनी पकडली. त्रिज्याताईंच्या तोकड्या गजाला दुसरा गज लावून पाहणारे हेच लोक.

अल्पमती — ३ डिसेंबर, ११:३१

म्हणजे 'ब' विंगचा प्रतिनिधी हवाच.

अर्धा_ढग — ३ डिसेंबर, १३:५०

धागालेखकांच्या 'आपण स्वतःच करावे' या मताविषयी. आपण या व्यवहारात केवळ घेणारे नाही, हे लक्षात असू द्यावे.

भारत आणि फ्रान्स यांचा 'मेघा-ट्रॉपिक्स' उपग्रह १२ ऑक्टोबर २०११ रोजी पीएसएलव्हीने गेला. अर्धे नाव संस्कृत आणि अर्धे फ्रेंच असले तरी उपग्रह अर्धवट नव्हता. पृथ्वीकडे पाहणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून फिरतात आणि विषुववृत्ताजवळच्या एखाद्या ठिकाणी दिवसातून फार थोड्या वेळा येतात. मेघा-ट्रॉपिक्सची कक्षा विषुववृत्ताशी केवळ २० अंशांनी कललेली होती, त्यामुळे तो उष्णकटिबंधातील त्याच भागावरून दिवसातून अनेकदा जाई आणि मोसमी ढगांच्या समूहांचा जीवनक्रम त्याला पाहता येई. त्यावरील 'मद्रास' नावाचे उपकरण सव्वा वर्षातच बंद पडले, हे खरे. पण आर्द्रता मोजणारे 'सफिर' चालत राहिले आणि त्याची माहिती जगभरातील हवामान-अंदाज केंद्रांनी वापरली. तीन वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह दशकभर कामी आला. ७ मार्च २०२३ रोजी इस्रोने त्याला उरलेल्या इंधनाच्या साहाय्याने प्रशांत महासागरावर नियंत्रित रीतीने खाली आणले, जे त्याच्या मूळ रचनेत नव्हतेच.

समुद्राच्या विषयात तर 'सरल' अधिक महत्त्वाचा आहे. युरोपच्या एनव्हिसॅट या उपग्रहाशी एप्रिल २०१२ मध्ये संपर्क तुटला आणि ३५ दिवसांच्या फेऱ्याचा जो मार्ग १९९० च्या दशकापासून मोजला जात होता, तो रिकामाच राहिला. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी गेलेल्या सरलने नेमकी तीच वाट धरली. उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट आपले, अल्टिमीटर फ्रेंच. त्याची तरंगलांबी नेहमीपेक्षा लहान होती. जोराच्या पावसात त्याला त्रास होई, पण किनाऱ्याजवळ आणि बर्फावर ते अधिक बारीक पाहू शके.

कोरडवाहू — ३ डिसेंबर, १५:१५

सरलविषयीची माहिती मला नव्हती, आभारी आहे. तरीही सहकार्याच्या जोडीला बहिष्कारही मांडावा. २०११ पासून अमेरिकेच्या कायद्यानुसार नासाला विशेष परवानगीशिवाय चीनशी द्विपक्षीय सहकार्य करता येत नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाच्या सोयुझवरून होणारी युरोपची उड्डाणे थांबली आणि ढगांचा अभ्यास करणारा युरोप-जपानचा 'अर्थकेअर' शेवटी मे २०२४ मध्ये अमेरिकी फाल्कन रॉकेटने गेला. ढगांना याचे काही सोयरसुतक नसले तरी ढग मोजणाऱ्यांना असते.

अर्धा_ढग — ३ डिसेंबर, १५:४८

सहमत. आपल्यावरचाही प्रसंग सांगतो. टोपेक्स/पोसायडन उडाला त्याच १९९२ मध्ये, क्रायोजेनिक (अतिशीत इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाच्या व्यवहारावरून अमेरिकेने इस्रोवर निर्बंध घातले होते. निसारमध्ये अमेरिकेचे लांब तरंगांचे रडार जीएसएलव्हीवर बसून गेले, आणि त्या रॉकेटचा वरचा टप्पा आपण स्वतः घडवलेल्या क्रायोजेनिक इंजिनाचा आहे. यावर वेगळी टिप्पणी करत नाही.

खाडीपलीकडे — ३ डिसेंबर, २१:०२

प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. माझे मत पुरते बदलले नसले तरी डळमळले आहे. एक उपप्रश्न: दहा सेंटिमीटर वाढ झाली हे मान्य केले तरी ती बर्फ वितळल्यामुळे झाली की पाणी तापून फुगल्यामुळे, हे कसे ओळखतात? वरून पाहणाऱ्याला तर दोन्ही सारखेच दिसणार.

उत्तरायण — ४ डिसेंबर, ०२:३०

(मी जर्मनीत राहतो, म्हणून ही वेळ.) आपला प्रश्न या विषयाचे मर्म आहे. मी या उपग्रहांची माहिती कामात वापरतो. ते बनवण्यात माझा सहभाग नाही.

पाणी फुगले की आकारमान वाढते पण वस्तुमान तेवढेच राहते. बर्फ वितळून आला की समुद्राचे वस्तुमानच वाढते. तेव्हा समुद्राचे वजन करता आले पाहिजे. हे काम नासा आणि जर्मनीची डीएलआर यांनी मार्च २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' या जोडउपग्रहांनी केले. दोन उपग्रह एकाच कक्षेत सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकमेकांच्या मागे धावतात. पुढे जास्त वस्तुमान आले की पुढचा उपग्रह किंचित लवकर ओढला जातो, दोघांतील अंतर बदलते, आणि ते अंतर केसाच्या जाडीहूनही कितीतरी सूक्ष्म बदल टिपेल इतक्या बारकाईने मोजले जाते. उपग्रहावर कॅमेरा नाही की खाली पाहणारे रडार नाही. एक दुसऱ्याकडे पाहतो, एवढेच. २०१७ मध्ये पहिली जोडी संपली, मे २०१८ मध्ये दुसरी गेली, आणि मधल्या काही महिन्यांची खाच नोंदीत कायमची राहिली.

पाण्याचे तापमान उपग्रहाला खोलवर दिसत नाही. त्यासाठी 'आर्गो' तरंगक आहेत. जवळजवळ चार हजार स्वयंचलित नळकांडी जगभरच्या समुद्रांत सोडलेली असून ती दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येताना तापमान व क्षारता मोजतात आणि पृष्ठभागावर येऊन उपग्रहाला आकडे पाठवतात. अनेक देश हे तरंगक सोडतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था हे काम पाहते. ग्रीक कथेतील जेसनच्या जहाजाचे नाव आर्गो, म्हणून ही जोडनावे.

आता हिशेब मांडा. अल्टिमीटरने मोजलेली एकूण वाढ ही आर्गोने दाखवलेला फुगवटा आणि ग्रेसने तोललेले वाढीव पाणी यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. तीन यंत्रणा, तीन तत्त्वे, निरनिराळे देश, निरनिराळ्या चुका. तरीही बरीच वर्षे जमाखर्च चांगला जुळला. २०१६ नंतर तो जुळेना. शोध घेतल्यावर काही आर्गो तरंगकांचे क्षारतामापक सरकल्याचे आढळले आणि जेसन-३च्या बाष्पमापकातही दोष दिसला. तफावतीचा एक भाग त्यामुळे उलगडला. तिन्ही उपकरणे एकाच कार्यालयाची असती तर तफावत कदाचित कोठेतरी 'किरकोळ' खाती टाकून मिटवली गेली असती, असे माझे वैयक्तिक मत आहे.

याच हिशेबातील एक घटना मला फार आवडते. २०१० आणि २०११ या काळात जगाचा समुद्र चढण्याऐवजी सुमारे ५ मिलिमीटर उतरला. हवामानबदल नाकारणाऱ्यांना आनंद झाला. पाणी गेले कोठे हे ग्रेसने दाखवले: प्रबळ ला निन्यामुळे जमिनीवर विलक्षण पाऊस झाला होता, आणि विशेषतः ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, जेथून नद्या समुद्राला जातच नाहीत, तेथे ते पाणी अडकून पडले होते. ते आटले, आणि समुद्र पुन्हा चढू लागला.

घागर_उताणी — ४ डिसेंबर, ०९:४०

ग्रेसचा विषय निघाला म्हणून विचारते. पंजाब-हरियाणाच्या भूजलाचा आकडा याच उपग्रहाने काढला ना? त्याबद्दल मला नेहमी अस्वस्थ वाटते. आमच्या जमिनीखालचे पाणी किती उपसले हे दुसऱ्यांनी आम्हाला सांगावे?

उत्तरायण — ४ डिसेंबर, १४:१०

होय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्ली धरून) येथून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल गेल्याचा अंदाज होता. महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगायचे, तर कोयना धरणाची १०५ टीएमसी क्षमता म्हणजे जवळजवळ तीन घन किलोमीटर. तेव्हा सहा वर्षांत छत्तीसच्या वर कोयना रिकाम्या झाल्या. आपली अस्वस्थता मी समजू शकतो. परंतु तेथील शेतकरी आणि आपले भूजल खाते, दोघांनाही विहिरी खोल जात आहेत हे आधीपासून ठाऊक होते. एवढ्या मोठ्या प्रदेशाची एकत्रित बेरीज मात्र विहिरींवरून सहज निघत नव्हती.

घागर_उताणी — ४ डिसेंबर, १४:२२

मग आमच्या जालना जिल्ह्यातील गावची विहीरही दिसत असेल.

उत्तरायण — ४ डिसेंबर, १४:३५

नाही. ग्रेसची नजर काही शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यापेक्षा बारीक नाही. जिल्हा त्याला वेगळा ओळखता येत नाही, विहीर तर दूरच. तेथे आपला पोहराच खरा.

त्रिज्या — ४ डिसेंबर, १९:५५

कोरडवाहू यांच्या बहिष्काराच्या मुद्द्याला एक प्रतिउदाहरण देते. हवेतील कार्बन डायऑक्साइड अवकाशातून मोजण्यासाठी जपानचा 'गोसॅट' २३ जानेवारी २००९ रोजी गेला. महिन्याभराने अमेरिकेचा 'ओको' उडाला आणि कक्षेत न पोहोचता कोसळला. अनेक वर्षांचे काम काही मिनिटांत संपले. त्यानंतर जपानी चमूने अमेरिकी शास्त्रज्ञांना गोसॅटच्या आकड्यांवर एकत्र काम करण्याचे आमंत्रण दिले. नेवाडाच्या वाळवंटातील एका कोरड्या सरोवरावर दोन्ही चमू एकत्र जाऊन, उपग्रह वरून जात असताना जमिनीवरून त्याच वेळी मोजणी करू लागले. २०१४ मध्ये ओको-२ गेला तेव्हा त्यामागची गणिते गोसॅटवर तावूनसुलाखून निघालेली होती.

हाच ओको-२ चालू स्थितीत असताना बंद करावा, असा प्रस्ताव अमेरिकेच्या २०२६ च्या अंदाजपत्रकात या वर्षी मांडला गेला. म्हणून मला वाटते, की मालिका एकाच देशाच्या अंदाजपत्रकावर टांगलेली नसावी, हे सहकार्याचे सर्वांत व्यवहारी कारण आहे. जेसनपासून सेंटिनेलपर्यंत जुना उपग्रह जिवंत असतानाच नवा त्याच्या मागे धाडला जातो. सेंटिनेल-६ मायकेल फ्रीलिक जवळजवळ वर्षभर जेसन-३च्या केवळ अर्ध्या मिनिटाने मागे धावत होता, म्हणजे दोघे तोच समुद्र जवळजवळ त्याच क्षणी मोजत होते. जुन्या तराजूवर तोललेले वजन नव्या तराजूवर पुन्हा तोलून पाहायचे, तर जुना तराजू मोडण्यापूर्वीच नवा दुकानात आला पाहिजे. एखादे सरकार बदलले आणि चार वर्षे पैसे मिळाले नाहीत, तर नोंदीचे दोन तुकडे होतात आणि ते नेमके सांधता येत नाहीत.

कोरडवाहू — ४ डिसेंबर, २१:३०

हा मुद्दा मला पटला. उदात्त हेतूंपेक्षा तो मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

खाडीपलीकडे — ५ डिसेंबर, २०:१८

सासऱ्यांना दूरध्वनीवरून हे सर्व थोडक्यात सांगितले. ग्रेसची गोष्ट त्यांना आवडली. त्यानंतर त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला: "पण माझा बांध दिसतो की नाही?"

निवृत्त_मोजणीदार — ६ डिसेंबर, १०:४५

आपल्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. प्रश्न सोडायचा नाही ही मोजणीदाराचीच वृत्ती आहे.

प्रामाणिक उत्तर असे, की अल्टिमीटरला त्यांचा बांध दिसत नाही. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत आले की रडारच्या परतीच्या स्पंदात जमिनीचा अंश मिसळतो आणि नेहमीची मोजणी भरवशाची राहत नाही. सरलने हे अंतर काहीसे कमी केले. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला अमेरिका-फ्रान्सचा 'स्वॉट' रेषेऐवजी पट्टा मोजतो, त्यामुळे रुंद नद्या आणि खाड्याही त्याच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. निसार दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो आणि जमिनीची लहानशी हालचालही टिपू शकतो, तेव्हा खाडीकाठची जमीन खचत आहे का, या प्रश्नाचा काही भाग त्याच्याकडून सुटू शकेल. अपोलो बंदराच्या शतकभराच्या नोंदीत वाढ वर्षाला एक मिलिमीटरच्याही आत होती, आणि जगाची आजची सरासरी तिच्या कितीतरी पट आहे. परंतु त्यावरून तुमच्या खाडीतील आकडा काढू नये. खाडीत गाळ साचला, तोंड अरुंद झाले, समोर भराव पडला, तरी उधाण चढलेले दिसते. त्याला जगाचा समुद्र कारण असेलच असे नाही.

म्हणून खाडीत एक पट्टी लावा असे सुचवतो. ती उघाडीच्या लाकडी झडपेवर ठोकू नका, झडप हलते. दगडी किंवा काँक्रीटच्या जुन्या बांधकामावर लावा. जवळ पायरीचा किंवा देवळाच्या जोत्याचा एखादा न हलणारा दगड खूण म्हणून निवडा आणि पाण्याच्या नळीने पट्टीचा शून्य त्या दगडाशी जोडून घ्या, म्हणजे पट्टी वाहून गेली तरी नवी नेमकी तेथेच बसेल. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, व त्यानंतरचे दोन दिवस, भरतीचा माथा वेळेसह वहीत लिहा. वारा आणि पाऊस होता का, तेही लिहा. चार-दोन वर्षांत काही निष्कर्ष निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

अल्पमती — ६ डिसेंबर, ११:०२

आणि आकडा वाचायला शेजारच्या बांधाचा मालकही सोबत असू द्या.

खाडीपलीकडे — ७ डिसेंबर, १९:४०

शेजारच्या बांधाच्या मालकाशी त्यांचे गेली अकरा वर्षे बोलणे नाही. तरी विचारून पाहतो. पुढची अमावास्या १९ तारखेच्या रात्री आहे. २० ला सकाळी मी गावी जाणार आहे. मोजणीदार काका, पट्टी लोखंडी घ्यावी की फायबरची, एवढे कृपया सांगावे.

निवृत्त_मोजणीदार — ७ डिसेंबर, २०:५५

फायबरची घ्या, खाऱ्या पाण्यात लोखंड दोन पावसाळेही टिकत नाही. आकडे ठळक रंगवलेले असावेत, कारण उधाण रात्रीही येते. विजेरी सोबत ठेवा.